भाव अंगाचा, डोक्याचं काय?



आपल्या बीडीडी चाळीत सध्या एकच चर्चा. कॉलेजच्या टीममधलं आपलं पोरगं प्रो कबड्डीत जाणार का, आणि गेलं तर कितीला जाणार? नाक्यावर नुसते आकडे उडतायत. ही लीग २०१४ साली आपल्या वरळीतच, एनएससीआयच्या स्टेडियममध्ये सुरू झाली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. त्याच लिलावात सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती. आकडे खरे आहेत. पण माझा सवाल वेगळा हाय. भाव मांडीचा लागतो, मनगटाचा लागतो. डोक्याचा कोण लावणार?

कारण आपलं पोरगं नुसतं पकडी करत नाय. कोपऱ्यात उभं राहून अख्खी साखळी हलवतं. चढाईवाल्याला कुठवर आत येऊ द्यायचं, कधी दाबायचं, हे तेच ठरवतं. म्हणजे ते कप्तान आहे. आणि कप्तान म्हटलं की आपला इतिहास आडवा येतो.

पालवणकर बाळू आठवा. चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखता राखता साहेबांना चेंडू टाकायला लागला. हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला संघात घेतलं. त्याचा हात चालला. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद? नाय! १९२० साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. ती कुणाची मेहेरबानी नव्हती. भाऊ अडून बसले होते.

अमेरिकेत तरी काय वेगळं? तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. डाव तो मांडतो, चेंडू कुणाकडे टाकायचा ते तो ठरवतो. काळ्यानं पळावं, झेलावं, धडका द्याव्या. डाव मांडायचा गोऱ्यानं. वॉरन मून हा कॉलेजचा काळा क्वार्टरबॅक. १९७८ साली त्यानं आपल्या विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, सामन्याचा मानकरी ठरला. त्या वर्षीच्या निवडीत एकाही व्यावसायिक संघानं त्याला घेतला नाही. जागा बदल, असे सल्ले मिळाले. त्यानं जागा बदलली नाही, देश बदलला. कॅनडात एडमंटनकडून लागोपाठ ५ अजिंक्यपदं जिंकली. मग १९८४ ला ह्यूस्टननं त्याला बोलावून घेतलं, क्वार्टरबॅक म्हणूनच.

कुणी म्हणेल, लिलावात जात विचारत नाहीत. खरं आहे. बाळूलाही चेंडू टाकताना कुणी अडवलं नव्हतं. मी गोदीत माल उचलतो. पाठीला कुणी जात विचारत नाय, शिक्षण विचारत नाय. मोजणीची वही हातात मागितली की लगेच सवाल येतो, शिकलास किती? मॅट्रिक म्हटलं की हसतात. अंग चालतं, हुकूम द्यायची वेळ आली की दार बंद.

म्हणून त्या पोराला माझं सांगणं: भाऊ, लीगमध्ये जरूर जा. पैसा घे, आईला सुखाचे दिवस दाखव. पण बी.ए. अर्धवट सोडू नको. गुडघा एका पकडीत जातो, मग बोली लावणारे फोन उचलत नाहीत. पुढं पतियाळाला जा, प्रशिक्षक हो, पंच हो. कोपरा सोड म्हणाले तर कारण विचार.

आणि मंडळवाल्यांनो, नुसते हार घेऊन उभे राहू नका. जांबोरी मैदानावर आपल्या पोरांना कप्तान करा, शिट्टी त्यांच्या तोंडात द्या, जमाखर्चाची वही त्यांच्या हातात द्या. घाम गाळायला आपण पिढ्यान्‌पिढ्या होतोच. आता डाव आपण मांडायचा!