शेतकरी कंपनीच्या माणसांना शिकवायचं कुणी? बाहेरची संस्था नेमण्याआधी संचालकांनी आणि सभासदांनी काय बघायचं

२४ फेब्रुवारी २०२५ ला बिहारमधल्या भागलपूरच्या कार्यक्रमात देशातल्या १० हजाराव्या शेतकरी उत्पादक संस्थेची घोषणा झाली. आपण गावात जिला 'शेतकरी कंपनी' किंवा 'एफपीओ' म्हणतो, तीच ही. चित्रकूटला २९ फेब्रुवारी २०२० रोजी ६,८६५ कोटी रुपयांची योजना सुरू झाली, तेव्हा १० हजारांचंच लक्ष्य होतं. म्हणजे आकडा गाठला. पण कंपनी नोंदवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. चालवणारी माणसं तयार झाली का, हा प्रश्न आता प्रत्येक तालुक्यात उभा आहे.

तीन वर्षांचा आधार सुटतोय

या योजनेत एका संस्थेला कारभार चालवायला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. त्यातूनच सीईओला महिना २५ हजारांपर्यंत आणि हिशेबनिसाला १० हजारांपर्यंत पगार धरलेला आहे. २०२१-२२ च्या सुमारास आधार सुरू झालेल्या कंपन्यांची ही तीन वर्षं उलटून गेली. इथून पुढं पगार, वीजबिल, गोदामाचं भाडं सगळं धंद्यातून काढायचं.

धंदा करणार कोण? एक सीईओ, एक हिशेबनीस, गोदाम सांभाळणारा, काट्यावर बसणारा आणि खत-बियाण्याच्या दुकानातला एखादा मुलगा किंवा मुलगी. चार-पाच माणसं. ही माणसं चुकली तर शेकडो सभासदांचे शेअरचे पैसे बुडतात.

दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं गोदामातलं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला एरवी १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण ते दरवर्षी होईलच असं नाही. समजा काट्यावरच्या मुलाला ओलावा मोजायचं यंत्र नीट वापरता येत नाही आणि १३ टक्क्यांचा माल त्यानं १२ चा म्हणून घेतला. माल वाळल्यावर हजार क्विंटलमागं सुमारे ११ क्विंटल वजन कमी भरतं. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं ते साधारण ६० हजार रुपये होतात. हिशेबनिसाचा सहा महिन्यांचा पगार एका टक्क्यात गेला.

दुसरं कागदाचं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र सरकारकडं भरावं लागतं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागं रोज १०० रुपये जादा शुल्क चढतं. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सीईओ नोकरी सोडून दुसरीकडं जाईल, पण अपात्रतेचा शिक्का गावातल्या संचालकांच्या नावावर बसतो.

म्हणून माणसं शिकवायला हवीत यात वाद नाही. वाद आहे तो कुणाकडून आणि काय शिकवायचं, याचा.

तयार पॅकेज म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा

कंपनीच्या खात्यात थोडे पैसे दिसले की प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे फोन सुरू होतात. तीन दिवसांचं निवासी शिबिर, नेतृत्व विकास, ब्रँडिंग, निर्यातीच्या संधी, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. ऐकायला चांगलं वाटतं. पण जिला अजून गावातल्या तुरीची प्रतवारी जमत नाही, तिला निर्यातीचं प्रशिक्षण घेऊन काय करायचं?

ज्या संस्थेनं तुमचं गोदाम पाहिलं नाही, तुमची वही उघडली नाही, आणि तरीही पहिल्याच भेटीत अभ्यासक्रम व दर दोन्ही सांगितले, तिनं तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी बनवलेलाच नाही.

निवडीची खरी कसोटी इथंच आहे. चांगली संस्था आधी येऊन काम बघते: माल उतरताना, वजन होताना, पावती फाडताना, सभासदाला पैसे देताना. हिशेबनिसाशी एकट्यानं बोलते, सीईओशी वेगळं बोलते. त्यानंतर काय शिकवायचं ते सांगते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुठं शिकवून उपयोग नाही तेही सांगते.

कारण काम बिघडायची कारणं तीन असतात. एक, माणसाला माहीतच नसतं. दोन, माहीत असतं पण साधन नसतं. ओलावा मोजायचं यंत्र बंद, काटा तपासलेला नाही, संगणक कायम हँग. तीन, माहीत असतं, साधनही असतं, पण अधिकार नसतो. चेकबुक अध्यक्षांच्या घरी आणि सीईओ सहीसाठी दारात उभा. प्रशिक्षणानं फक्त पहिलं दुखणं बरं होतं. दुसऱ्याला खरेदी लागते आणि तिसऱ्याला संचालक मंडळाचा ठराव. "सगळ्यावर आमच्याकडं प्रशिक्षण आहे" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. "तुमचा काटा आधी दुरुस्त करा, मग मला बोलवा" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला हातचा सोडू नका.

पैसे मोजण्याआधी दारातलं बघा

बाहेरची संस्था शोधण्याआधी एक गोष्ट करा. योजनेत प्रत्येक कंपनीला एक मार्गदर्शक संस्था नेमून दिलेली असते, तिला सीबीबीओ म्हणतात. तिनं पाच वर्षं सोबत राहायचं असतं आणि त्यासाठी तिला सरकारकडून वेगळे पैसे मिळतात. कंपनीच्या लोकांना तयार करणं हे तिचंच काम आहे. तिनं आजवर कुणाला, कशाचं, किती दिवस शिकवलं ते लेखी मागा. ज्या कामाचे पैसे सरकारनं आधीच दिलेत, त्याच कामाला सभासदांच्या खिशातून पुन्हा पैसे कशाला द्यायचे?

त्यानंतर सरकारी आणि सार्वजनिक संस्थांकडं वळा. पिकाची, बियाण्याची, किडीची माहिती जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळते. काढणीनंतरची हाताळणी, प्रतवारी, साठवण यासाठी तळेगाव दाभाडेची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. सहकार आणि व्यवस्थापनासाठी पुण्यात वैकुंठ मेहता संस्था आहे. याच योजनेच्या प्रशिक्षणासाठी लखनौची बर्ड आणि गुरुग्रामची लिनाक या संस्था देशपातळीवर नेमलेल्या आहेत.

मात्र एकाच संस्थेकडं सगळं मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. पीक शिकवणाऱ्याला ताळेबंद येईलच असं नाही. हिशेबाला तालुक्यातला चांगला सीए आणि गोदामाला निवृत्त अनुभवी माणूस, अशी जोडणीही कधी कधी मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा उपयोगी पडते.

आणि 'फुकट प्रशिक्षण' हा शब्द ऐकला की कान टवकारा. औषध विकणारी कंपनी फवारणीचं प्रशिक्षण फुकट देते, सॉफ्टवेअर विकणारी हिशेबाचं देते. घ्यायला हरकत नाही, पण ती त्यांच्या मालाची जाहिरातही आहे हे ध्यानात ठेवून घ्या.

समोर बसवून हे विचारा

तरीही बाहेरून संस्था नेमायचीच ठरली, तर निदान तिघांना बोलवा आणि तिघांनाही तेच प्रश्न विचारा.

१. शिकवायला प्रत्यक्ष कोण येणार? बोलायला साहेब येतात आणि शिकवायला नवखं पोरगं येतं, हा अनुभव नवा नाही. येणाऱ्याचं नाव करारात लिहून घ्या.

२. याआधी कुठल्या शेतकरी कंपनीत काम केलं? त्यांचा नंबर घ्या. फोन मात्र अध्यक्षांना करू नका, तिथल्या हिशेबनिसाला करा. "शिबिर छान झालं" असं अध्यक्ष सांगतील. "त्यानंतर माझं हे हे काम सोपं झालं" हे हिशेबनीसच सांगू शकतो.

३. शिकवण्याचं साहित्य मराठीत आहे का? एक नमुना दाखवा. इंग्रजी स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावा.

४. शिबिर संपल्यावर पुन्हा येणार का? दोन महिन्यांनी, हंगाम चालू असताना, काट्याशेजारी उभं राहून चुका दाखवणार का?

५. साहित्य कुणाचं राहणार? व्हिडिओ, तक्ते, पावत्यांचे नमुने कंपनीकडं राहिले पाहिजेत. नवा माणूस आला की तेच वापरता आलं पाहिजे.

६. दरात काय काय धरलंय? जीएसटी, प्रवास, जेवण, हॉलचं भाडं नंतर वेगळं लावणार का?

आणखी एक जपायचं. सभासदांची यादी, आधार, सातबारा, बँक खाते असलं काही प्रशिक्षण देणाऱ्याच्या हातात देऊ नका. हिशेब शिकवायला खरी यादी लागत नाही, खोट्या नावांवरही चालतं.

पैसे हप्त्यानं, तेही काम बघून

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. त्या आजही जगभर वापरतात. शिकणाऱ्याला आवडलं का, त्याला समजलं का, कामावर परतल्यावर तो तसं करतो का, आणि त्यातून संस्थेला फायदा झाला का. आपल्याकडं बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर थांबतात. फीडबॅक फॉर्म भरला, 'उत्तम' वर टिक केली, फोटो ग्रुपवर टाकला, बिल पास.

म्हणून करार करण्याआधी एका कागदावर लिहा: प्रशिक्षणानंतर काय बदललेलं दिसलं पाहिजे? 'कर्मचारी सक्षम होतील' असं मोघम नको. 'प्रत्येक गाडीचा ओलावा तीन ठिकाणचे नमुने घेऊन मोजला जाईल आणि वहीत लिहिला जाईल', 'रोजची रोकड संध्याकाळी जुळवली जाईल', 'महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत संचालकांपुढं येईल', असं लिहा. हे कुणालाही तपासता येतं, चौथी शिकलेल्या सभासदालाही.

मग पैसे त्याच्याशी बांधा. थोडे सुरुवातीला, थोडे साहित्य हातात आल्यावर, थोडे शिकवून झाल्यावर आणि शेवटचा मोठा हप्ता दोन-तीन महिन्यांनी ते काम खरोखर तसं चालू असेल तरच. ज्या संस्थेला स्वतःच्या कामावर भरवसा आहे ती याला तयार होते. जमलं तर आधी एकाच विषयावर एक दिवसाचं छोटं काम देऊन बघा. बैलसुद्धा आपण चालवून बघितल्याशिवाय घेत नाही.

शिकलेलं पोरगं सोडून गेलं तर?

हा प्रश्न संचालक मंडळात हमखास निघतो आणि तो चुकीचा नाही. १० हजारांवरचा हिशेबनीस शिकला की त्याला बाहेर १५ हजार मिळतात. कुठलंही प्रशिक्षण पगाराची जागा घेऊ शकत नाही, हे आधी मान्य करू. पण नुकसान कमी करता येतं. प्रत्येक कामाला एकाऐवजी दोन माणसं शिकवा. त्यात गावातच राहणारी, बचतगटाचे हिशेब सांभाळलेली एखादी ताई असेल तर फारच चांगलं. आणि कामाच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावा, म्हणजे माणूस गेला तरी काम कसं करायचं ते कंपनीत राहील.

नात्यागोत्याचंही बोलायला हवं. संस्था अध्यक्षांच्या भाच्याची किंवा संचालकाच्या मित्राची असू शकते, आणि ती चांगलीही असू शकते. पण ते नातं सभेत उघड सांगायचं, इतिवृत्तात लिहायचं आणि त्या संचालकानं त्या ठरावापुरतं बाजूला बसायचं. झाकून ठेवलं की चांगल्या कामावरही संशय येतो.

सभासदांनी काय करायचं?

उत्पादक कंपनीत शेअर पाच असोत की पाचशे, वैयक्तिक सभासदाला मत एकच असतं. त्यामुळं विचारायचा हक्क सगळ्यांचा सारखा. यंदाच्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारा. प्रशिक्षणावर किती पैसे गेले? ती संस्था कशी निवडली, आणि आणखी कुणाचे दर घेतले होते? आणि त्यानंतर आपल्या काट्यावर, गोदामात, वहीत नेमकं काय बदललं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळतील. तिसऱ्याचं उत्तर संचालकांना लगेच देता आलं नाही, तर सभा संपल्यावर सगळ्यांनी मिळून गोदामात जा आणि ओलाव्याची वही उघडून बघा.