अंगठा गेला तरी हक जात नाही: बांधकाम मजुरांच्या भरपाईचा हिशेब

गवंडी, सुतार, फरशी बसवणारे, सेंट्रिंगवाले, फॅब्रिकेशनवाले. आपल्या समाजातील कितीतरी घरे या कामांवर चालतात. यांच्याकडे ना शेती, ना पगारी रजा. जे आहे ते दोन हात. त्यातला एक हात कटर मशीनमध्ये सापडला की पुढे काय होते, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. मुकादम दवाखान्याचे बिल भरतो, थोडेफार पैसे हातात ठेवतो आणि एका कागदावर सही घेतो. बाकीचा खर्च नातेवाईक आणि जमातीचे बैतुलमाल भागवते. काही महिन्यांनी त्या घरातला नववी-दहावीतला मुलगा वर्गात दिसेनासा होतो. शिक्षक म्हणून आम्ही हे पाहतो, म्हणूनच हा विषय मांडत आहोत.

कायदा काय देतो?

कामावर झालेल्या इजेची भरपाई देणे ही मालकाची मेहरबानी नाही. 1923 पासून त्यासाठी कायदा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. नव्या संहितेत कामावर जाता-येता झालेला अपघातही धरला आहे. ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांची भरपाई मात्र ईएसआयकडून येते.

1923 च्या कायद्यात प्रत्येक बोटाचा दर ठरलेला आहे. अंगठा गेला तर कमाईच्या ताकदीत 30 टक्के घट धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, मधले बोट 12 टक्के, अनामिका किंवा करंगळी 7 टक्के. एका हाताची चार बोटे गेली तर 50 टक्के, पूर्ण पंजा गेला तर 60 टक्के.

आता रुपयांत पाहू. 30 वर्षांचा गवंडी महिन्याला 20,000 कमावत असला, तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात जास्तीत जास्त 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. या वयाचा गुणांक 207.98. गुणाकार होतो 18,71,820 रुपये. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याचे 30 टक्के म्हणजे 5,61,546 रुपये. मुकादमाच्या पाच-दहा हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा!

बोट मोजायचे की हुन्नर?

शरीअतमध्ये दियतीच्या हिशेबात सगळी बोटे सारखी, प्रत्येक बोटाला पूर्ण दियतीचा दहावा हिस्सा. आजचा कायदा बोटाबोटात फरक करतो. पण हे बोट कोणाचे, हे तोही विचारत नाही. कारकुनाची तर्जनी गेली तर नोकरी टिकू शकते. फरशी कापणाऱ्याची गेली तर मशीन धरवत नाही.

इथे सुप्रीम कोर्टाचा एक निकाल कामाला येतो. 1968 मध्ये ओडिशात एका सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात कोर्टाने 1975 च्या डिसेंबरमध्ये ते नाकारले. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसासाठी हे संपूर्ण अपंगत्व आहे, असे ठरले. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, हेही याच निकालाने पक्के केले.

याचा अर्थ प्रत्येक अंगठ्याला 100 टक्के मिळतील असा नाही. पण दाव्यात फक्त "अंगठा गेला" एवढेच लिहू नये. "मी गवंडी आहे, थापी धरता येत नाही, हे काम आता माझ्याकडून होणार नाही" असे स्पष्ट लिहावे आणि डॉक्टरच्या दाखल्यातही तशी नोंद मागावी.

हक कुठे बुडतो?

पहिली गोष्ट पुराव्याची. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर "कामावर मशीनने इजा" असे लिहून घ्या. "घरी पडलो" असे सांगायला लावतात, ते ऐकू नका. हजेरीची वही, मजुरीचे ऑनलाइन पेमेंट, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा.

दुसरी गोष्ट सहीची. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. "यापुढे काही मागणार नाही" असे लिहून घेतले तरी त्याने कायद्याचा हक संपत नाही.

तिसरी गोष्ट, "ठेकेदार पळून गेला" हे उत्तर. ठेकेदाराकडून काम करून घेणारा मूळ मालकही जबाबदार असतो.

चौथी गोष्ट, "मशीनचे गार्ड नव्हते, चूक तुझीच". मजुराने मुद्दाम गार्ड काढले असेल तर भरपाई अडू शकते. पण मुकादमाने बिनगार्डचे ग्राइंडर हातात दिले, तर तो दोष मजुराचा नाही.

दावा 2 वर्षांच्या आत करायचा असतो. आपल्या राज्यात असे दावे कामगार न्यायालयात चालतात. मजूर राहतो त्या भागातही दावा दाखल करता येतो, त्यामुळे पुण्यात जखमी झालेल्या बीडच्या माणसाला पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर मालकावर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. उपचाराचा खर्चही त्याच्याकडूनच मिळतो.

राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी वर्षात 90 दिवस काम केलेल्याला मिळते आणि ती जरूर करावी. पण कायमच्या अपंगत्वासाठी मंडळाची 2 लाखांची मदत 75 टक्के अपंगत्वाला आहे. नुसत्या अंगठ्याने तिथवर पोहोचता येत नाही. म्हणून मालकाकडचा दावा सोडून चालत नाही.

जमातीने काय करावे?

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. मग ज्याचे रक्त सांडले त्याचा हक का थांबावा? बैतुलमालची मदत चालू राहावी, पण मालकाची जबाबदारी जकातीवर ढकलली जाऊ नये. प्रत्येक मशीद कमिटीने एक शिकलेला तरुण आणि एक वकील एवढ्या कामासाठी नेमावा. अपघाताची खबर आली की पहिल्याच दिवशी केसपेपर बघायचा, फोटो काढायचे, तारीख लिहून ठेवायची. आपल्यातही ठेकेदार आहेत, बिल्डर आहेत. त्यांनी मजुरांचा विमा काढावा आणि मशीनला गार्ड लावावे. सुरुवात त्यांच्याच साइटवरून व्हावी, असे आम्हाला वाटते.