मुलगी बँकेत लागली!

“मुलगी बँकेत लागली” हे वाक्य आमच्या रावेरात अजून पेढ्याच्या पुड्यासकटच उच्चारले जाते. पुण्याच्या कंपनीत दुप्पट मिळवणाऱ्याच्या वडिलांना “म्हणजे नेमके करतो काय?” असे कोणीही विचारतो. बँकेतल्याला कोणी विचारीत नाही.

यंदा माझ्या भाचीपुढे दोन्ही वाटा एकदम उभ्या राहिल्या. एका राष्ट्रीयीकृत बँकेत संगणक विभागाची अधिकारी, किंवा बँकांसाठी संगणकाच्या प्रणाली तयार करणाऱ्या पुण्याच्या कंपनीत अभियंता. बँकेचा मूळ पगार मार्च 2024 च्या करारानंतर 48,480 रुपये, त्यावर महागाई भत्ता वगैरे. कंपनीचा आकडा याहून मोठा. पण उद्या तिथे काय होईल, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. दाजींची केळी. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बाग आडवी झाली, की वर्षाचा हिशोबही आडवा होतो. शिवाय पोरीच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर. अशा माणसाने पक्क्या पगाराकडे पाहिले, तर त्याला भित्रा कसे म्हणावे?

ताईचे म्हणणे इभ्रतीचे. “बँकेतल्या साहेबांना लोक गणपतीच्या आरतीला बोलावतात.”

खरे आहे; पण तो मान शाखेच्या मॅनेजरचा! संगणकाचा अधिकारी बहुधा मुंबई-पुण्याच्या मुख्य कचेरीत बसतो, आणि पासबुक भरायला येणाऱ्या कोणत्याही आजीला त्याचे नाव ठाऊक नसते. काम बिनबोभाट चालले तर तो असल्याचे कळत नाही. बंद पडले, की सगळी बँक त्याला शोधते. आरतीचे आमंत्रण त्याला कोण देणार?

भाचीने मात्र तिसरेच विचारले. “मामा, यांतले काम माझ्या हातांनी कुठे होईल?”

प्रश्न साधा, पण त्याच्या पोटात बराच इतिहास आहे. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँक म्हणजे जाडजूड लेजर आणि कारकुनाचे वळणदार अक्षर. पुढे 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांतून खतावणीची यंत्रे शिरू लागली. नोकऱ्या जातील म्हणून संघटना धास्तावल्या होत्या. मग नव्या शतकात सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर गेली. आता गंमत अशी, की खातेवही बँकेची. पण ती घडवणारे सुतार बहुतेक बाहेरचे. स्टेट बँकेची प्रणाली टाटा कन्सल्टन्सीची, दुसऱ्या कित्येक बँकांची इन्फोसिसची. बँकेतला अधिकारी निविदा काढतो, करार वाचतो, कंपनीने केलेले काम तपासून घेतो, रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना उत्तरे देतो. ते काम हलके नव्हे. उलट जबाबदारी तिथेच आहे. पण ते राखणदाराचे काम, कारागिराचे नव्हे. आणि ज्याचे हात शिवशिवतात त्याला राखण जाचते.

कंपनीतही सगळे सोन्याचे नाही म्हणा. वर्षभर एकाच ठेवीच्या व्याजाचा तुकडा घासत बसायचे, आणि तो वापरणारा माणूस जन्मात पाहायचा नाही! रात्रीच्या फोनातून तर दोन्हीकडे सुटका नाही. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस अष्टौप्रहर चालते. पूर्वी संध्याकाळी पैसे पाठवण्याचा दरवाजा बंद होई, रात्री डागडुजी होई. आता आमच्याकडून केळीचा ट्रक अपरात्री निघाला, तरी ड्रायव्हरच्या डिझेलचे पैसे तेव्हाच मोबाइलवर पाठवता येतात. ते अडले, तर ट्रक अडतो आणि माल पिकू लागतो.

मी भाचीला एवढेच सांगितले, की दोन्हीकडच्या एकेका माणसाला विचार, गेल्या महिन्यात तू काय केलेस? पगार विचारू नकोस. तो छापलेला असतो.

तिने कॉलेजच्या दोन जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. बँकेतली म्हणाली, “नवे काही केले नाही. पण कंपनीवाले घाईने एक बदल चढवू पाहत होते, त्यावर मी सही केली नाही. आठवड्याने त्यात खोट निघाली.” कंपनीतली म्हणाली, “पीककर्जाच्या व्याजाची आकारणी नव्याने लिहिली. सहा वेळा चुकली, सातव्यांदा जमली.”

खरे सांगतो, मला पहिलीचे उत्तर जास्त आवडले. असे ‘नाही’ म्हणायला पाठीचा कणा लागतो, आणि त्याची बढतीच्या कागदावर नोंद होत नाही. पण भाची “सातव्यांदा जमली” हेच दोन दिवस घोळवीत होती. ते पाहून दाजी समजले. कर्जाचे हप्ते कंपनीच्या पगारातून लवकर फिटतील, असा त्यांनी स्वतःच हिशोब मांडला. पहिली दोन वर्षे निम्मा पगार बाजूला ठेवायचा, असे वचनही पोरीकडून घेतले.

ती पुण्याला गेली. ताईने गल्लीत पेढे वाटले. कोणी विचारले, तर सांगते, “बँकेचंच काम आहे.”