बंदर वाढते म्हणजे नेमके काय वाढते? चेन्नईचा अनुभव आणि वाढवणच्या निमित्ताने काही प्रश्न

बंदर विस्ताराच्या बातमीत साधारणपणे दोन आकडे ठळक असतात. प्रकल्पाचा खर्च किती कोटी आणि मालवाहतुकीची क्षमता किती टनांनी वाढणार. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराच्या मंजुरीनंतर महाराष्ट्रातील वाचकांना असे आकडे सवयीचे झाले आहेत. पण या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? त्यासाठी पूर्व किनाऱ्यावरील चेन्नई बंदराची गेल्या पंधरा वर्षांतील वाटचाल पाहणे उपयोगी आहे. तिथे धक्के होते, खोल पाणी होते, क्रेन होत्या. तरीही माल अडून राहत होता.

आधी दोन शब्द समजून घेऊ

बंदरांविषयीच्या सरकारी पत्रकांत 'क्षमता' आणि 'हाताळणी' असे दोन शब्द येतात. भाषांतर करताना जाणवते की मराठी बातम्यांत हे दोन्ही शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांत मोठा फरक आहे.

क्षमता म्हणजे बंदरातील धक्के, यंत्रे आणि जागा पाहता वर्षाला किती माल चढवता-उतरवता येईल याचा अंदाज. हाताळणी म्हणजे वर्षभरात खरोखर किती माल चढला-उतरला तो आकडा. एखाद्या मंगल कार्यालयात हजार माणसे बसू शकतात, ही त्याची क्षमता. लग्नाला किती माणसे आली, ही वेगळी गोष्ट.

कंटेनरच्या बाबतीत 'टीईयू' हे एकक वापरतात. २० फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू. ४० फुटी कंटेनर दोन टीईयू धरला जातो. कोळसा, तेल, धान्य, खत असा माल मात्र टनांत मोजतात.

मानवनिर्मित बंदर आणि त्याला चिकटलेले शहर

मुंबईला नैसर्गिक बंदर लाभले. चेन्नईला ते नव्हते. सरळ, उघड्या किनाऱ्यावर जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत आणि माल लहान होड्यांतून आणावा लागे. १८६१ मध्ये समुद्रात एक लांब धक्का बांधण्यात आला. १८७० च्या दशकात लाटा अडवणाऱ्या दगडी भिंतींचे काम सुरू झाले. ते पूर्ण होत असतानाच १८८१ च्या चक्रीवादळाने त्यांची मोठी हानी केली. पुढे बंदराचे प्रवेशद्वार पूर्वेकडून ईशान्येकडे वळवण्यात आले. १९६४ मध्ये जवाहर डॉक आणि १९७० च्या दशकात तेल व लोहखनिजासाठी भारती डॉक अशी भर पडली. देशातील पहिले खास कंटेनर टर्मिनल १९८३ मध्ये इथेच सुरू झाले.

या सगळ्या काळात शहरही वाढत गेले. आज बंदराच्या पश्चिमेला जॉर्ज टाउनची जुनी व्यापारी पेठ आहे. उत्तरेला रॉयापुरमची दाट वस्ती आणि कासिमेडूचे मासेमारी बंदर आहे. समुद्राच्या बाजूने नवा धक्का बांधता येतो. जमिनीच्या बाजूने हलायला जागा नाही. चेन्नईची खरी अडचण इथून सुरू होते.

पहिला धडा : कोणता माल, कुठे?

कोळसा आणि लोहखनिज हा अनेक वर्षे चेन्नई बंदराचा मोठा व्यवसाय होता. त्याची धूळ आसपासच्या घरांत, दुकानांत आणि लोकांच्या फुप्फुसांत जात होती. हे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मे २०११ मध्ये दिलेल्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०११ पासून चेन्नई बंदरात कोळसा आणि लोहखनिज हाताळणे बंद झाले. हा माल उत्तरेकडील एन्नोर बंदरात हलवण्यात आला.

त्याचा परिणाम आकड्यांत लगेच दिसला. २०१०-११ मध्ये चेन्नई बंदराने सुमारे ६.१ कोटी टन माल हाताळला होता. त्यानंतर हा आकडा घसरत गेला. कोरोनाच्या वर्षी तो साडेचार कोटी टनांच्याही खाली आला. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा सुमारे ५.५ कोटी टनांपर्यंत पोहोचला.

केवळ टन पाहिले तर कोणी म्हणेल, बंदर मागे गेले. पण कोळशाचा एक टन आणि कंटेनरमधील यंत्रसामग्रीचा एक टन यांचे मोल सारखे नसते. श्रीपेरुंबुदूर परिसरातील कारखान्यांच्या मोटारी, सुटे भाग आणि कंटेनरमधील माल हे आता या बंदराचे मुख्य काम आहे. त्यामुळे बंदराची प्रगती फक्त टनांत मोजू नये, हा पहिला धडा.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रॉयापुरमची धूळ कमी झाली, पण कोळसा कमी झाला नाही. तो एन्नोरला गेला. तिथे आधीच औष्णिक वीज केंद्रे आहेत. त्यांच्या राखेने एन्नोरच्या खाडीचे आणि तिथल्या मच्छीमारांचे नुकसान केले आहे. माल हलवताना त्याचा त्रासही हलतो. तो कोणाच्या दारात जाणार, हे प्रकल्पाच्या आराखड्यातच लिहिलेले असायला हवे.

दुसरा धडा : बंदराच्या फाटकाबाहेरचा रस्ता

जहाजावरून उतरलेला कंटेनर फाटकाबाहेर पडायला लागणारा वेळ हाही बंदराच्या क्षमतेचाच भाग आहे. चेन्नईत दिवसा अवजड वाहनांच्या प्रवेशावर निर्बंध असतात. त्यामुळे ट्रेलरची वर्दळ ठरावीक तासांत आणि मुख्यतः उत्तरेकडील रस्त्यांवर गोळा होते. एक काळ असा होता की कंटेनर घेऊन आलेल्या ट्रेलरच्या रांगा काही किलोमीटर लागत. चालक रस्त्याकडेलाच स्वयंपाक करत, तिथेच झोपत.

रांगेत उभ्या ट्रेलरचे भाडे कोणीतरी भरत असते. मुदतीत कंटेनर सुटला नाही तर आयातदाराला डेमरेज लागते. निर्यातीचा माल उशिरा पोहोचला तर जहाज चुकते. मोठी कंपनी हा खर्च पचवते. वर्षाला दहा-वीस कंटेनर पाठवणारा लहान उद्योजक तो पचवू शकत नाही. चालकाला फेरीनुसार पैसे मिळत असतील, तर रांगेतला प्रत्येक दिवस त्याच्या कमाईतून जातो.

यावर उपाय म्हणून बंदरापासून मदुरवॉयलपर्यंत उन्नत मार्ग आखण्यात आला. मार्गाचा बराचसा भाग कूवम नदीच्या काठाने जाणारा होता. जानेवारी २००९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली. लांबी सुमारे १९ किलोमीटर आणि खर्च १,८०० कोटी रुपयांच्या आसपास होता. काही ठिकाणी खांब उभे राहिले. २०१२ मध्ये राज्य सरकारने, खांबांमुळे नदीच्या प्रवाहाला अडथळा होतो असे सांगून काम थांबवले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, तरी काम मार्गी लागले नाही. खांब मात्र वर्षानुवर्षे तसेच उभे राहिले.

मे २०२२ मध्ये चेन्नई बंदर, तामिळनाडू सरकार, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि भारतीय नौदल यांच्यात चौपक्षी करार झाला. त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दुसऱ्यांदा पायाभरणी झाली. नव्या आराखड्यात मार्ग दुमजली आहे. खालचा मजला शहरातील वाहनांसाठी आणि वरचा थेट बंदरात ये-जा करणाऱ्या अवजड वाहनांसाठी. बंदर ते मदुरवॉयल प्रवासात सुमारे एक तास वाचेल, असे सांगण्यात आले. खर्च आता ५,८०० कोटी रुपयांच्या घरात आहे.

दोन्ही आराखडे सारखे नाहीत, म्हणून खर्चाची थेट तुलना करणे बरोबर होणार नाही. पण दोन पायाभरणींमध्ये तेरा वर्षे गेली, एवढे नक्की. नदी, जमीन, महामार्ग आणि बंदर यांचे निर्णय घेणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या होत्या. वाद तांत्रिक असो की राजकीय, तो सोडवण्याची जागा आधी ठरलेली नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती योजनेत वेगवेगळ्या मंत्रालयांचे प्रकल्प एकाच नकाशावर आणण्यावर भर आहे. अशा नकाशाची गरज का भासते, ते चेन्नईतील या खांबांकडे पाहून कळते.

तिसरा धडा : एकटे बंदर पुरत नाही

चेन्नईची जागा संपली, तेव्हा वाढ आसपास पसरली. एन्नोरचे बंदर २००१ मध्ये सुरू झाले. कंपनी म्हणून स्थापन झालेले ते देशातील पहिले प्रमुख बंदर. २०१४ मध्ये त्याला कामराजर यांचे नाव देण्यात आले. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारकडे असलेला त्यातील सुमारे ६७ टक्के हिस्सा चेन्नई बंदरानेच विकत घेतला. आज दोन्ही बंदरे मिळून वर्षाला १० कोटी टनांहून अधिक माल हाताळतात. एकाने कंटेनर, दुसऱ्याने कोळशासारखा अवजड माल असे वाटप बऱ्याच अंशी झाले आहे, जरी एन्नोरलाही आता कंटेनर टर्मिनल आहे.

जमिनीच्या बाजूला तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील मप्पेडू इथे सुमारे १८४ एकरांवर बहुपर्यायी लॉजिस्टिक पार्क उभारण्याची योजना आहे. रेल्वे आणि रस्ता दोन्हीने जोडलेली गोदामे, कंटेनर ठेवण्याची जागा आणि सीमाशुल्काची तपासणी एका ठिकाणी, अशी कल्पना. चेन्नई बंदरापासून ते सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. कंटेनर रेल्वेने तिथे गेला तर शहराच्या रस्त्यावरील एक ट्रेलर कमी होतो.

कायदाही बदलला आहे. १९६३ चा प्रमुख बंदर विश्वस्त कायदा जाऊन 'प्रमुख बंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१' नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार बंदरांच्या मंडळांना आपले दर आणि जमिनीचा वापर ठरवण्याचे अधिक अधिकार मिळाले. बंदर जमीन व पाण्याचे मालक राहते आणि टर्मिनल खासगी कंपन्या चालवतात, ही पद्धत आता रूढ झाली आहे. त्यामुळे विस्ताराची घोषणा वाचताना पैसा कोण घालणार आणि तोटा झाला तर तो कोण सोसणार, हेही पाहावे लागते.

किनारा स्थिर नसतो

चेन्नईच्या किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली. दक्षिणेला वाळू साचून मरीनाची रुंद चौपाटी तयार झाली. उत्तरेला वाळू पोहोचेना, त्यामुळे रॉयापुरमपासून तिरुवोट्टियूरपर्यंतचा किनारा झिजत गेला. मच्छीमारांच्या वस्त्यांसमोर दगडांचे बांध घालावे लागले. फिरायला जाणाऱ्यांना चौपाटी मिळाली आणि होड्या ओढून ठेवणाऱ्यांची पुळण गेली. हा परिणाम दिसायला अनेक दशके लागली. म्हणून पर्यावरण अहवालात पाच वर्षांचा विचार पुरेसा नसतो.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ

मुंबईची गोदी शहरात अडकली, तेव्हा १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आता पुढचा टप्पा वाढवण. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. वार्षिक क्षमता २९.८ कोटी टन. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. महामार्ग आणि रेल्वे जोडणीचा उल्लेख मंजुरीच्या त्याच निर्णयात आहे, ही चेन्नईच्या तुलनेत जमेची बाजू.

मात्र सुमारे १,४५० हेक्टर समुद्रात भराव टाकला जाणार आहे. डहाणू परिसरातील मच्छीमार आणि बागायतदारांनी वर्षानुवर्षे विरोध नोंदवला आहे. चेन्नईचा उत्तर किनारा पाहिला की त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

- सांगितलेला आकडा क्षमतेचा आहे की प्रत्यक्ष हाताळणीचा?
- कोणता माल वाढणार? कंटेनर, तेल की कोळसा?
- माल फाटकाबाहेर कशाने जाणार? तो रस्ता किंवा रेल्वेमार्ग बंदरासोबतच पूर्ण होणार का?
- वाद झाल्यास तो कोणती यंत्रणा सोडवणार?
- किनाऱ्यातील बदलांची मोजणी कोण करणार, किती वर्षे करणार आणि तिचे निकाल मराठीत, गावात वाचायला मिळणार का?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. जनसुनावणीला येणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्या भाषेतला आणि त्याला समजेल असा अहवाल असेल, तर तो हरकत नेमकी मांडू शकतो. नेमक्या हरकतीला प्रशासनालाही नेमके उत्तर द्यावे लागते. असे उत्तर पायाभरणीच्या आधी मिळाले, तर नदीपात्रात खांब अर्धवट उभे राहण्याची वेळ येत नाही.