बगळ्याला हाकलू नका, हौद सुधारा

शाळेच्या बागेतील हौदात सोनमासे किंवा डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, की थोड्याच दिवसांत काठावर वंचक येऊन बसतो. मान आखडून बसणारा हा मातकट बगळा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. (उडाला, की त्याचे पांढरेशुभ्र पंख दिसतात!) मासे कमी होऊ लागतात, आणि मग बेचकी, फटाके, नायलॉनचे जाळे अशी चर्चा सुरू होते. माझ्या मते हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. वन्य पक्ष्याला इजा करणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने गुन्हा आहे, ते तर झालेच. पण मुळात येथे दोष पक्ष्याचा नसून हौदाचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, वंचक शिकार कशी करतो ते पाहा. तो सहसा बुडी मारत नाही. पाय टेकून चोच मारतो. बशीसारखा उथळ आणि काठोकाठ भरलेला हौद बांधून त्याची सोय आपणच करतो. भिंती सरळ उभ्या, पाणी काठापासून दीड-दोन वीत खाली आणि खोली पाऊण मीटर ठेवली, तर त्याचे काम फार अवघड होते. चिमणीएवढा निळा खंड्या मात्र सूर मारतो. पण जेमतेम ३० ग्रॅम वजनाचा तो पक्षी फार खोल जाऊ शकत नाही. तळाशी मातीचे नळे आडवे ठेवावेत आणि निम्म्या पाण्यावर कमळाची पाने असावीत. सैल नायलॉनच्या जाळ्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात, कधी धामणही अडकते. लहान मुलांचा वावर असेल तेथे खोल हौदावर लोखंडी जाळी बसवलीच पाहिजे. तीच माशांचेही रक्षण करील.

आता शिक्षकांना एक विनंती. वक्रीभवनाचा पाठ या हौदाकाठी घ्या. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणून ४० सेंमी खोल असलेला मासा सरळ वरून ३० सेंमीवर दिसतो, आणि तिरके पाहिल्यास आणखी वर. बगळा पाहतो तो बहुधा तिरकाच, तरी त्याचा नेम कसा साधतो? इस्राएलमधील काट्झिर आणि इंट्रेटर यांनी १९८७ साली समुद्रबगळ्यांचे (हे आपल्या कोकण किनाऱ्यावरही आढळतात) निरीक्षण प्रसिद्ध केले. भासमान आणि खऱ्या खोलीतील फरक जमेस धरूनच हे पक्षी चोच मारतात, असे त्यांना दिसून आले. आपल्याला त्यासाठी कागद-पेन्सिल लागते!

तळाशी एक गोटी ठेवा आणि काठावरून लांब काठीने तिला टोचून पाहा. दहा प्रयत्नांत किती चुकले, आणि टोक गोटीच्या अलीकडे पडले की पलीकडे, याची नोंद करा. काठीची दिशा मात्र ती पाण्यात शिरण्यापूर्वीच ठरवावी. एकदा बुडाली, की तीही वाकलेली दिसते आणि नेम आपोआप सुधारतो.