बाबांचं रक्त नंतर, आधी बाबांना विचारा

फादर्स डे जवळ आला की फोनवर जाहिरातींचा भडिमार सुरू होतो. बाबांना आरोग्याची भेट द्या! सत्तर तपासण्या, अर्ध्या किमतीत, घरी येऊन रक्त नेणार! आपण पुण्यात नाहीतर बंगलोरला, बाबा तिकडे साताऱ्याला किंवा अकोल्याला. निवांत फोन करायला वेळ नाही, पण ओटीपी टाकायला अर्धं मिनिट पुरतं. झालं, मुलाचं कर्तव्य पार पडलं!

या पॅकेजात लिपिड, थायरॉइड, व्हिटॅमिन डीच्या गर्दीत बऱ्याचदा एक तपासणी गुपचूप बसलेली असते. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिच्यात तयार होणारं हे प्रथिन. माझा राग या तपासणीवर नाही. ती न सांगता, न विचारता पॅकेजात कोंबण्यावर आहे.

आपल्या भाषेत सांगतो. सर्व्हरचा सीपीयू ९० टक्क्यांवर गेला की अलर्ट येतो. पण काहीतरी बोंबललंय की नुसता रात्रीचा बॅकअप चालू आहे, हे अलर्ट सांगत नाही. पीएसएचं तसंच आहे. ते कॅन्सरने वाढतं, वयामुळे ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, लघवीचं इन्फेक्शन झालं तरी वाढतं. उलट फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर आकडा साधारण निम्म्यावर येतो. (होय, तीच गोळी, जी आपल्यातले कित्येक जण केस टिकवायला घेतात!) पीएसए वाढलं म्हणून ज्यांची बायॉप्सी होते, त्यांच्यात साधारण चारांत एकालाच कॅन्सर निघतो. १९७० साली प्रोस्टेटमधल्या अँटिजेनवर संशोधन प्रसिद्ध करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या तपासणीच्या सरसकट वापरावर सडकून टीका केली होती.

आमच्या टीममधल्या एकाच्या बाबांचा आकडा ५.८ आला. लाल अक्षरं, शेजारी बाण, आणि रिपोर्ट थेट बाबांच्या व्हॉट्सॲपवर. तोही शुक्रवारी रात्री. सोमवारपर्यंत त्या घरात कोणी धड जेवलं नाही. यूरॉलॉजिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "लघवीला जळजळ होते का?" होत होती. इन्फेक्शन निघालं. औषधं झाली, काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, आकडा खाली! जो प्रश्न फुकट विचारता आला असता, तो पैसे आणि तीन दिवसांची झोप घालवून विचारला गेला.

"पण लवकर कळलेलं बरं ना?" असं तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. नियमित पीएसए तपासणीने प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक जीव वाचला. एक जीव म्हणजे कमी नाही, मान्य. पण दुसरी बाजूही बघा. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत ग्रंथीपुरता कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष होते. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला रेडिएशन दिलं, कुणावर नुसतं लक्ष ठेवलं. १५ वर्षांनी तिन्ही गटांत मिळून जेमतेम २.७ टक्के या कॅन्सरने गेले, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ऑपरेशन झालेल्यांत मात्र लघवी गळण्याचा आणि लैंगिक तक्रारींचा त्रास सगळ्यात जास्त. हा सौदा आहे, आणि तो करायचा की नाही हे बाबांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये हेच सांगितलं: ५५ ते ६९ वयात चर्चा करून ठरवा, सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको. कुणाच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर ही चर्चा आणखी लवकर व्हायला हवी. आता सांगा, ऑफरच्या बटणात ही चर्चा कुठे बसते?

आणि खरा त्रास तर तिसरीकडेच आहे. पन्नाशीनंतर बहुतेकांची ग्रंथी हळूहळू वाढते. तो कॅन्सर नव्हे. पण धार बारीक होते, रात्री चारचारदा उठावं लागतं, एसटीच्या प्रवासाची धास्ती वाटते. बाबा लोक काय म्हणतात? "वय झालं आता, चालायचंच." आईलासुद्धा सांगत नाहीत. मग एके रात्री लघवी पूर्ण तुंबते, आणि दोन वाजता कॅथेटर घालायला रिक्षा शोधत पळायची वेळ येते. दुर्लक्षच केलं तर किडन्यांवरही ताण येतो.

यावर सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात. धार कशी आहे, पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता, असले प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, १९ पर्यंत मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. त्यावर उपायही आहेत. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांत धार सुटते, फिनास्टेराइडसारख्या गोळ्या काही महिन्यांत ग्रंथी लहान करतात, आणि नाहीच भागलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. लघवीतून रक्त किंवा न थांबणारी हाडदुखी असेल तर मात्र वाट बघायची नाही, थेट डॉक्टरकडे. तिथे डॉक्टरांनी पीएसए सांगितलं तर जरूर करा. कारण तेव्हा त्या आकड्यामागे प्रश्न असतो.

लॅबवाले सत्तर तपासण्या विकणारच, तो त्यांचा धंदा आहे. पण बाबांना "रात्री किती वेळा उठता?" हे विचारायला कुठलंही पॅकेज लागत नाही. लाज वाटते? वाटू दे. त्यांनी आपली लंगोटं धुतलीत राव!