पहिल्या पन्नासात नाही, म्हणून काय झालं?

आषाढीच्या भजनानंतर आपल्या मंडळात अमेरिकेला निघालेल्या मुलांचा सत्कार होतो, तसा तो यंदाही झाला. नावाजलेल्या विद्यापीठांत जाणाऱ्या दोघांना व्यासपीठावर बोलावलं. शाल, श्रीफळ, परिचय, अध्यक्षांचे चार शब्द, सगळं झालं. मग "आणि इतर विद्यापीठांत जाणारे विद्यार्थी" असं म्हणून उरलेल्यांची नावं एका दमात वाचली. त्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं आणि बसायचं. माझ्या शेजारी बारावीतली एक मुलगी होती. ती आईच्या कानाशी लागली, "मम्मी, मला एखादं स्टेट युनिव्ह मिळालं तर माझं नाव देऊच नको." जीआरई अजून पाच वर्षं लांब आहे आणि लाज आतापासून शिकून झाली. मला ते फार लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

पुढे साबुदाण्याची खिचडी खाताना तोच विषय. कुठली विद्यापीठं 'एलीट' धरायची? एक काका म्हणाले, पहिली वीस. दुसरे म्हणाले, पन्नासपर्यंत चालेल, पण 'स्टेट' नको. कुणी आयव्ही लीगची नावं मोजायला घेतली आणि त्यात एमआयटी आणि स्टॅनफर्ड घातली. ती दोन्ही आयव्ही लीगमध्ये नाहीत. आयव्ही लीग हा ईशान्य अमेरिकेतल्या आठ संस्थांचा खेळांच्या सामन्यांसाठी १९५४ साली रीतसर झालेला संघ आहे: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया. मोठ्या संस्था आहेत, जुन्या आहेत, यात वाद नाही. पण आपल्या मुलाला डेटाबेस कोण शिकवणार, याचं उत्तर त्या यादीत नाही.

अमीरपेट, दिलसुखनगरच्या कन्सल्टन्सीत भिंतीवर जे रँकिंग लावलेलं असतं, त्याचीही तीच गत. 'यूएस न्यूज' १९८३ पासून ही यादी काढतं. विद्यापीठांची जी मुख्य यादी आपण तोंडपाठ करतो, ती तिथल्या पदवीच्या शिक्षणावर बेतलेली असते, आणि आपली बहुतेक मुलं जातात एमएसला! विषयवार याद्या वेगळ्या असतात. कॉम्प्युटर सायन्सच्या यादीत इलिनॉय, वॉशिंग्टन, जॉर्जिया टेक ही सरकारी विद्यापीठं येल आणि डार्टमथच्या वर असतात. हे खिचडीच्या वेळी मी सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "असेल हो, पण लोकांना काय सांगायचं?" खरी अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली.

कोलंबियाची गोष्ट तर अलीकडचीच आहे. यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच गणित विभागातल्या मायकेल थॅडियस या प्राध्यापकांनी विद्यापीठानं दिलेली आकडेवारी तपासली आणि ती बरोबर नाही असं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षीच्या पुढच्या यादीत कोलंबिया अठराव्या क्रमांकावर गेलं. प्राध्यापक तेच, ग्रंथालय तेच, मुलंही तीच. सहा-सात महिन्यांत तिथलं शिक्षण सोळा पायऱ्या खाली गेलं असं कोण म्हणेल? आणि अशा यादीवरून आपण इथे काचीगुड्यात मुलांना उभं करतो आणि बसवतो.

आपण हैदराबादची माणसं तरी असं कसं बोलू शकतो, हे मला कळत नाही. सत्या नाडेला आणि शंतनू नारायण ही नावं आपण किती अभिमानानं घेतो! दोघंही बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे. नाडेलांनी मणिपालनंतर एमएस केलं ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतून. नारायण आपल्या उस्मानियाचे इंजिनिअर, आणि त्यांचं एमएस ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीतलं. पुढे एकानं शिकागोतून आणि दुसऱ्यानं बर्कलेतून एमबीए केलं हे मला माहीत आहे, पण अमेरिकेचं पहिलं दार उघडलं ते मिलवॉकीनं आणि बोलिंग ग्रीननं. ही दोन मुलं आज आपल्या मंडळातली असती तर 'इतर विद्यापीठांत' त्यांची नावं वाचली गेली असती. मोठ्या कंपनीचं प्रमुखपद हीच शिक्षणाची कसोटी, असंही मी म्हणत नाही. पण जी उदाहरणं आपणच रोज मुलांना देतो, ती तरी नीट बघावीत.

आणि मराठी माणसानं तर मागे वळून बघावंच. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून. बायकांना वैद्यक शिकवण्यासाठीच ते कॉलेज काढलेलं होतं. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलनं बायकांना घेतलं १९४५ साली. येल आणि प्रिन्स्टननं पदवीच्या वर्गात मुली घेतल्या १९६९ साली, कोलंबिया कॉलेजनं १९८३ साली. म्हणजे आनंदीबाई यादी बघून थांबल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले. ते शेतकी शिकले ऑरेगनच्या आणि वॉशिंग्टन स्टेटच्या कॉलेजांत, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सरकारनं जमिनी देऊन उभ्या केलेल्या कॉलेजांत. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर असं काम केलं की दिएगो रिव्हेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात घेतलं.

मग डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले त्याचं काय, असं कुणी विचारेल. ते सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली गेले आणि सेलिग्मन, ड्युई यांच्यासारख्या शिक्षकांजवळ शिकले. आयुष्यभर त्यांनी आदरानं आठवण काढली ती त्या शिक्षकांची. उस्मानियानं त्यांना १९५३ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली, हे आपल्या शहराचं भूषण आहे. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अशी की कोलंबियात आणि लंडनला शिकलेल्या या माणसानं १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेव्हाच्या आपल्या हैदराबाद राज्यातल्या मराठवाड्यात, जिथे मुलांना पुढे शिकायला जवळ फारसं काही नव्हतं. आजचं मिलिंद महाविद्यालय ते हेच. मोठ्या विद्यापीठात शिकून आलेला माणूस ज्यांना कुणी आत घेत नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडतो. आणि आपण? किती जणांना नाकारलं यावरून विद्यापीठाची प्रतिष्ठा मोजतो. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं तर आपल्या सनदेतच लिहून ठेवलंय की आमचं मोजमाप आम्ही कुणाला वगळतो यावरून होऊ नये, कुणाला घेतो आणि ते किती यशस्वी होतात यावरून व्हावं. त्याच विद्यापीठाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक ओठ मुडपतात.

आमच्याच घरातलं सांगते. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, उस्मानियात उर्दूतून गणित शिकले. पुण्याचे पाहुणे आले की "उर्दूतलं कॉलेज का?" असं विचारायचे, आणि अण्णा शांतपणे त्यांच्या मुलांना भूमिती शिकवायला बसायचे. माझा थोरला कॅन्ससला, सरकारी विद्यापीठात. तिथल्या प्राध्यापकांनी त्याला पहिल्याच सत्रात हाताशी धरलं, टीए केलं, फी माफ झाली, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलं. नणंदेची मुलगी पूर्वेकडच्या एका फार नावाजलेल्या ठिकाणी गेली. वर्षभराचा कोर्स, भला मोठा वर्ग, फंडिंग नाही, आणि पन्नास लाखांचं कर्ज. शिफारसपत्र मागायची वेळ आली तेव्हा आपल्याला नावानं ओळखणारे प्राध्यापक कोण, हे आठवायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. मुलगी अत्यंत हुशार आहे, तिनं सगळं निभावलं. पण लग्नाच्या स्थळांच्या कागदावर तिच्या विद्यापीठाचं नाव ठळक अक्षरात आणि माझ्या मुलाच्या वेळी मध्यस्थ म्हणाले, "नुसतं एमएस, यूएसए लिहू या." नुसतं का? त्यानं काय चोरी केली?

हे सगळं आपण का करतो, ते मला आतून समजतं. आपण सगळे एकदा घर सोडून आलेले. कुणी नांदेडहून, कुणी परभणीहून, कुणी पुण्याहून नोकरीपायी. आपण गाव सोडलं तरी देवगिरी नाहीतर अजंठा एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या सकाळी आईच्या हातचा चहा होता. मुलांचं तसं नाही. त्यांची खोली रिकामी होते ती वर्षानुवर्षं. मग एवढं मोठं काहीतरी गेलं, तर ते एखाद्या मोठ्या नावासाठी गेलं असं वाटायला हवं असतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव असलं की उत्तर देताना आवाज स्थिर राहतो. मी स्वतः चिलकूरला बालाजीला अकरा प्रदक्षिणा घातल्यात आणि व्हिसा झाल्यावर एकशेआठही. तिथे त्या गर्दीत कुणी कुणाला विद्यापीठाचा क्रमांक विचारत नाही. सगळ्या आया सारख्याच घाबरलेल्या असतात.

म्हणून आईबापांना हात जोडून सांगते, आपल्या मनाचं दुःख मुलांच्या क्रमांकावर ठेवू नका. "ॲडमिट कुठला?" याआधी "काय शिकणार?" हे विचारा. कुणाकडे शिकणार, किती कर्ज होणार, ते नोकरी लागली नाही तर फेडता येईल का, हे विचारा. दुसऱ्याच्या मुलाला विचारताना तर दहादा विचार करा.

लिहिता लिहिता माझा आवाज चढला, याची मला जाणीव आहे. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, ते लपत नाही. ज्या दोन मुलांना शाल मिळाली त्यांच्याविषयी माझ्या मनात कौतुकच आहे. त्यांनी रात्री जागून ते मिळवलंय आणि त्यांच्या आईवडिलांना माझे शब्द लागले असतील तर मी मनापासून क्षमा मागते. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

एक रेघ मात्र मारलीच पाहिजे आणि ती खऱ्या आणि खोट्या विद्यापीठांमधली. २०११ साली कॅलिफोर्नियात ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली. तेव्हा तिथली बरीच मुलं आपल्या आंध्रातली होती आणि काहींच्या पायाला पाळतीची यंत्रं बांधली गेली. २०१९ साली मिशिगनचं फार्मिंग्टन उघडकीला आलं. ते विद्यापीठ तर तिथल्या सरकारी खात्यानंच सापळा म्हणून उभं केलेलं होतं. त्यात अडकलेली सुमारे ६०० मुलं, बहुतेक भारतीय आणि त्यातली खूप तेलुगू घरांतली. पहिल्या वीस की पन्नास यावर तासभर बोलणाऱ्या आपल्या बैठकीत मान्यता कशी तपासायची, हे एकानंही सांगितलं नाही. यावर मंडळानं स्वतंत्र कार्यक्रम घ्यायला हवा. मी इथे एवढंच लिहून थांबते.

आणि जी मुलं कुठेच जात नाहीत त्यांचं काय? गच्चीबावलीच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी मुलगी आपल्याच मंडळातली आहे. परभणीला कृषी विद्यापीठात गेलेला मुलगा आपलाच आहे. त्यांना आषाढीला बोलावणंही गेलं नाही. याबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन.

आत्ता वेळ आहे ती पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांची. फंडिंगसह प्रवेश मिळाला असेल तर बहुतेक विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्याआधी घाईनं नावावर बोट ठेवू नका. ज्या विभागात जायचंय तिथे आत्ता शिकणाऱ्या दोन मुलांशी बोला: प्राध्यापक भेटतात का, टीएशिप दुसऱ्या सत्रात टिकते का, घरभाडं किती, हिवाळ्यात बस मिळते का. आपल्या मंडळातली मुलं अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत आणि ती आनंदानं सांगतात. मी त्यांची गाव आणि विषय यांनुसार वही केली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या ग्रंथालयात असते. मुलांना घेऊन या, तिथूनच फोन लावून देईन. तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि मुलं जागीच असतात.